शिडीवर चढण्यापूर्वी...

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागला की गावोगावी घरांच्या डागडुजीला वेग येतो. माकडांनी फोडलेली कौले बदलायची असतात, वाऱ्याने सरकलेली पुन्हा बसवायची असतात. पन्हळीत साचलेला पालापाचोळा काढायचा, पत्र्याच्या खिळ्यांपाशी डांबर लावायचे, गच्चीवरची टाकी धुवायची, भिंतीची भेग सिमेंटने बुजवायची. मृग लागण्याच्या आत ही सारी कामे उरकली पाहिजेत अशी घाई असते. दुसरा हंगाम दसरा-दिवाळीचा. तेव्हा रंगसफेदी, विजेच्या माळा आणि आकाशकंदील यांची लगबग असते.

या सर्व कामांत एक वस्तू लागतेच, ती म्हणजे शिडी. आणि याच दोन हंगामांत शिडीवरून, छपरावरून पडून आलेले रुग्ण आमच्या दवाखान्यांतून जास्त दिसतात. कोणाचे मनगट, कोणाची टाच, कोणाचा मणका. काही जण महिनाभराने कामाला लागतात, काहींना काठी कायमची धरावी लागते, तर काही घरी परत येतच नाहीत.

'चढेल तो पडेल, पोहेल तो बुडेल' अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणून कोणी चढूच नये असे नाही. घर राखायचे तर कोणाला तरी वर जावेच लागणार. परंतु पडणे हे नशिबात लिहिलेले नसते. बहुतेक वेळा त्याला साधे, टाळता येण्याजोगे कारण असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. रस्त्यावर आपण जपून जातो. शिडीवर मात्र 'दोन मिनिटांचे तर काम' म्हणून चढतो.

उंची थोडी, मार मोठा

साध्या एकमजली घराची वळचण जमिनीपासून नऊ-दहा फुटांवर असते. ही उंची आपल्याला फारशी वाटत नाही. पण दहा फुटांवरून सुटलेले शरीर पाऊण सेकंदाच्या आसपास जमिनीवर पोचते आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी २७-२८ किलोमीटर झालेला असतो. म्हणजे त्या वेगाने जाणारी मोटारसायकल भिंतीवर आदळावी तसा हा प्रकार आहे. 'मी पटकन स्वतःला सावरीन' हा विचार मनात येईपर्यंत माणूस खाली पोचलेला असतो.

कोणते हाड मोडेल हे माणूस कसा पडतो यावर ठरते. पायांवर पडला तर टाचेचे हाड चेपते. तो धक्का तेथेच न थांबता पाय आणि कमरेवाटे वर चढतो आणि पाठ व कंबर यांच्या सांध्याजवळचा मणका दबतो. म्हणून पडलेला माणूस 'टाच दुखते' म्हणून आला की जाणता डॉक्टर त्याची पाठही तपासतो. हात पुढे टेकून पडला तर मनगट मोडते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये या मोडीचे वर्णन केले आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कुशीवर पडल्यास, विशेषतः उतारवयात, खुब्याचे हाड मोडते. डाव्या बरगड्यांवर मार बसला तर आतल्या प्लीहेला इजा होऊन पोटात रक्तस्राव होऊ शकतो. डोके आपटले तर काय होते हे निराळे सांगायला नको.

कोणी चढू नये?

शिडी मजबूत आहे की नाही हे आपण कधीतरी पाहतो. चढणारा माणूस त्या दिवशी चढण्याजोगा आहे का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. खालीलपैकी काही लागू असेल तर काम दुसऱ्याकडे द्यावे.

१) रक्तदाबाची गोळी घेणारे : या गोळ्यांमुळे काही जणांना एकदम उठल्यावर किंवा वाकून सरळ झाल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. पुरुषांत प्रोस्टेटच्या त्रासासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही असेच होते. जमिनीवर अशी भोवळ आली तर आपण भिंतीला हात लावतो. शिडीवर तशी सोय नसते. गोळी बंद करून चढणे हा मात्र यावरचा उपाय नव्हे.

२) मधुमेही : इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन, न्याहारी न करता कामाला लागल्यास साखर अचानक कमी होते. घाम, थरथर आणि मग शुद्ध हरपणे हा क्रम काही मिनिटांचा असतो.

३) मान वर केली की गरगरणारे : आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे अवयव असतात. त्यांतील बारीक कण जागचे हलले की मान वर करताच सारे जग फिरते. आढ्याकडे किंवा आकाशकंदिलाच्या हुकाकडे पाहताना मान वरच करावी लागते, हे ध्यानात ठेवावे.

४) दुहेरी भिंगाचा चष्मा वापरणारे : या चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. त्यातून खालची पायरी पाहिली की ती अस्पष्ट दिसते आणि पाऊल चुकते. मोतीबिंदू असणाऱ्यांचेही तसेच.

५) सर्दी, खाज किंवा झोपेची गोळी घेतलेले : सर्दीच्या कित्येक साध्या गोळ्यांनी पेंग येते. मद्य घेतलेल्या माणसाने तर शिडीला हातही लावू नये. मग तो कितीही सराईत कारागीर असो.

६) फिट्सचा विकार असणारे : औषध नियमित चालू असले तरीही त्यांनी उंचावरचे काम टाळावे.

७) रक्त पातळ होण्याची औषधे घेणारे : हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन, अनियमित ठोके वगैरेंसाठी ही औषधे दिली जातात. अशा रुग्णाच्या डोक्याला लागलेला साधा मारही आत रक्तस्राव घडवू शकतो.

८) साठी उलटलेले, तसेच पाळी गेलेल्या स्त्रिया : या वयात हाडे ठिसूळ होतात, स्नायूंची ताकद आणि तोल दोन्ही कमी होतात. तरुणाला जेथे मुका मार बसेल तेथे यांचे हाड मोडते.

निवृत्त झालेल्या वडीलधाऱ्यांना येथे दोन शब्द मुद्दाम सांगावेसे वाटतात. 'इतकी वर्षे मीच शाकारणी करतो' असे आपण म्हणता, ते खरे असते. पण ती वर्षे आपल्याला चढता येते हे सांगतात, आज पडल्यास हाड जुळेल का हे सांगत नाहीत. एका दिवसाची मजुरी वाचवण्यासाठी खुब्याचे हाड मोडून घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे. कौले कशी बसवावीत हे खाली खुर्चीवर बसून नातवाला किंवा गड्याला सांगावे. त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक गोष्ट उन्हाची. मे महिन्यात दुपारी पत्रा तव्यासारखा तापतो. घामावाटे पाणी जाऊन चक्कर येते. छपरावरचे काम सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करावे, आणि दर अर्ध्या तासाने खाली येऊन पाणी प्यावे.

शिडी कशी असावी?

बांबूची, लाकडाची, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची, शिडी कोणतीही असो, वर्षभर गोठ्यात किंवा परसात पडून राहिलेली शिडी न तपासता भिंतीला लावू नये. बांबूच्या सांध्यांतून पिवळा भुगा पडत असेल तर त्याला आतून कीड लागली आहे असे समजावे. बांधलेली दोरी कुजली किंवा सैल झाली असेल तर नवी बांधून घ्यावी. प्रत्येक पायरी हाताने हलवून पाहावी. मोडलेल्या पायरीला तारेने आवळून काम भागवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. लाकडी शिडीला रंग देऊ नये, कारण रंगाखाली तडा दिसत नाही. शिडीच्या पायांना रबर असेल तर ते झिजले आहे का ते पाहावे.

घडीची शिडी, जिला रंगारी घोडा म्हणतात, ती पूर्ण उघडून मधली साखळी किंवा पट्टी ताणली गेल्याची खात्री करूनच वापरावी. अर्धवट मिटलेली ठेवून ती भिंतीला टेकवू नये आणि तिच्या सर्वांत वरच्या दोन पायऱ्यांवर उभे राहू नये.

टेबलावर खुर्ची, खुर्चीवर स्टूल, पालथे पिंप, विटांची रास ही शिडीची बदली नव्हे. घरात शिडी नसेल तर शेजाऱ्याकडून मागून आणावी.

शिडी लावण्याची रीत

शिडी फार उभी लावली तर माणसासह मागे उलटते. फार पसरून लावली तर तिचा पाय घसरतो. यासाठी एक सोपे माप आहे : चारास एक. शिडी भिंतीला ज्या उंचीवर टेकते, तिच्या चौथ्या हिश्श्याइतके तिचे पाय भिंतीपासून दूर असावेत. वळचण बारा फुटांवर असेल तर पाय तीन फूट दूर. टेप जवळ नसेल तर शिडीच्या पायाला आपली बोटे लावून ताठ उभे राहावे आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करावेत. तळवे समोरच्या पायरीला जेमतेम पोचले तर शिडी बरोबर लागली.

शिडीचे पाय घट्ट, सपाट जमिनीवर असावेत. ओली शहाबादी फरशी, शेवाळलेले अंगण, नुकतीच टाकलेली माती किंवा वाळू येथे ती घसरते अथवा एका बाजूने रुतते. एक पाय आखूड पडतो म्हणून खाली वीट सारू नये, त्याऐवजी जमीन खणून सपाट करावी. वरचे टोक पन्हळीवर किंवा खिडकीच्या काचेवर टेकवू नये. ते भक्कम भिंतीला किंवा वाशाला टेकवून दोरीने बांधावे. छपरावर उतरायचे असेल तर शिडी वळचणीच्या वर किमान तीन फूट गेलेली असावी, म्हणजे पाऊल टाकताना धरायला आधार राहतो. शिडी दारासमोर लावली असेल तर त्या दाराला आतून कडी घालावी.

वरचे टोक बांधून होईपर्यंत खाली एका माणसाने शिडी दोन्ही हातांनी धरून उभे राहावे. धरणारा जबाबदार हवा. एका हाताने शिडी आणि दुसऱ्या हाताने मोबाईल धरणारा माणूस असून नसल्यासारखाच.

चढताना आणि उतरताना

* तोंड नेहमी शिडीकडे असावे. उतरतानाही पाठ शिडीकडे करू नये.
* दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन अवयव सतत शिडीला लागलेले असावेत. याचाच अर्थ असा, की हातात कौले, डबा किंवा हातोडी घेऊन चढू नये. सामान पिशवीत घालून खांद्याला अडकवावे किंवा वर गेल्यावर दोरीने ओढून घ्यावे.
* आपली बेंबी शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मध्येच राहिली पाहिजे. 'एवढे एकच कौल राहिले' म्हणून कुशीला वाकले की तोल जातो. खाली उतरून शिडी सरकवावी, पाचच मिनिटे लागतात.
* टेकवलेल्या शिडीच्या वरच्या तीन पायऱ्यांवर उभे राहू नये.
* शिडीवर एका वेळी एकच माणूस असावा.
* स्लीपर घालून चढू नये. पायाला घट्ट बसणारे, रबरी तळाचे बूट घालावेत. लुंगी, धोतराचा सोगा, साडीचा पदर खोचून घ्यावा. मोबाईल खाली ठेवावा.
* उतरताना शेवटची पायरी झाली असे समजून पाऊल टाकू नये, पाहून टाकावे.

वीज आणि पत्रे

दोन धोके असे आहेत की ज्यांत अनुभवी कारागीरही सापडतात.

पहिला विजेचा. ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी शिडी वीज वाहून नेते हे सर्वांना ठाऊक असते. पण ओला बांबू आणि ओले लाकूडही वीज नेते, हे पुष्कळांना माहीत नसते. शिडी उभी करण्याआधी मान वर करून तारा कोठून जातात ते पाहावे. शिडी आडवी धरून न्यावी, उभी नव्हे. वरून जाणाऱ्या तारांपासून निदान दहा फूट दूर राहावे, आणि हे अंतर मोजताना हातातल्या काठीची किंवा सळईची लांबीही धरावी. घराला येणाऱ्या तारेचे आवरण उन्हापावसाने उडालेले असू शकते. तारेजवळच काम असेल तर वीज कंपनीला १९१२ या क्रमांकावर कळवून पुरवठा बंद करून घ्यावा.

दुसरा धोका सिमेंटच्या पत्र्यांचा. हे पत्रे वरून दगडासारखे टणक दिसतात, पण जुने झाल्यावर ठिसूळ होतात आणि माणसाच्या वजनाने एकाएकी फुटतात. उजेडासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे त्याहून फसवे. अशा छपरावर थेट पाऊल टाकू नये. खालच्या दोन-तीन आडव्या आधारांवर पोचेल अशी लांब, रुंद फळी टाकून तिच्यावरून सरकावे, आणि कमरेला दोरी बांधून तिचे टोक भक्कम ठिकाणी अडकवावे. पहिल्या पावसानंतर शेवाळ धरलेल्या कौलांवर आणि पत्र्यांवर तर चढूच नये. गळती आत बादली ठेवून दोन दिवस सोसता येते.

कोणी पडलाच तर

पडलेल्या माणसाला चटकन उचलून बसवणे, त्याला पाणी पाजणे आणि 'काही झाले नाही' म्हणून धीर देणे ही आपली रीत आहे. हेतू चांगला असला तरी पहिल्या दोन गोष्टी टाळाव्यात.

१) विजेचा धक्का बसला असेल तर त्याला हात लावण्याआधी मुख्य स्विच बंद करावा. बाहेरच्या मोठ्या तारेचा संबंध असेल तर पुरवठा बंद होईपर्यंत जवळ जाऊ नये.

२) त्याला आहे तसाच पडू द्यावा, मान हलवू देऊ नये. मानेत किंवा पाठीत दुखते का, हातापायांना मुंग्या येतात का, पावले हलवता येतात का हे विचारावे. यांपैकी काही असल्यास मणक्याला इजा आहे असे धरूनच चालावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

३) दोघांनी हात-पाय धरून, झोळी करून उचलणे सर्वांत घातक. मोडलेला मणका त्यात सरकून मज्जारज्जू कापला जाऊ शकतो आणि चालता येऊ शकणारा माणूस जन्माचा पांगळा होतो. हलवणे अगदीच भाग असेल तर चार-पाच जणांनी डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून, लाकडाचा ओंडका वळवावा तसे त्याला एकदम वळवावे आणि फळीवर किंवा काढलेल्या दारावर घ्यावे. उलटी होत असल्यास याच पद्धतीने कुशीवर करावे.

४) रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरावे. मोडलेला हात किंवा पाय आहे त्या स्थितीत पट्टी बांधून स्थिर करावा, ओढून सरळ करू नये.

५) तोंडावाटे काही देऊ नये. ऑपरेशन करावे लागले तर भूल देताना अडचण येते आणि बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जाते.

६) श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच खोल दाबत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये.

'मला काही झाले नाही' म्हणणारा रुग्ण

कधीकधी पडलेला माणूस उठतो, कपडे झटकतो, चहा पितो आणि चार तासांनी बेशुद्ध होतो. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असताना मधला काही काळ रुग्ण अगदी चांगला वाटू शकतो. म्हणून डोक्याला मार लागला असेल तर निदान २४ तास त्याला एकटे सोडू नये. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, एक बाहुली मोठी होणे, फिट येणे, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाणी येणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो वा पाऊस, सी.टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्याने डोक्याला मार लागल्यास लक्षणांची वाटही पाहू नये.

याशिवाय पोटात किंवा डाव्या बरगड्यांखाली वाढणारी कळ, घाम येऊन फिके पडणे, लघवी न होणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, दोन्ही टाचा दुखणे, वृद्ध माणसाला पायावर उभे राहता न येणे ही लक्षणेही घरी थांबण्याची नव्हेत.

सुजलेल्या जागी तेल लावून चोळणे आणि बांबूच्या कामट्या आवळून बांधणे अजूनही पुष्कळ ठिकाणी चालते. चोळल्याने मोडलेली टोके आणखी सरकतात. पट्टी फार आवळली की पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो. बोटे निळसर, थंड किंवा बधिर झाली किंवा ठणका वाढतच गेला तर ती पट्टी ताबडतोब सोडावी, मग ती कोणीही बांधलेली असो. काही तासांच्या उशिराने हात गमावण्याची वेळ येते. आधी एक्स-रे, मग पट्टी, हा क्रम सोडू नये.

दुसऱ्याला वर चढवताना

पुष्कळ घरी हे काम मजुराकडून करून घेतले जाते. तेव्हा धोका नाहीसा होत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या अंगावर जातो. तो माणूस रोजंदारीवर असतो आणि तो खाटेला खिळला की त्या घरातली चूल थंडावते. त्याला आपली मोडकी शिडी देऊ नये. फळी, दोरी, जमल्यास सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट द्यावे. शिडी धरायला घरातला एक माणूस उभा करावा. उन्हात पाणी द्यावे. आभाळ भरून आले असता 'तेवढे उरकून टाक' असा आग्रह धरू नये. दारू पिऊन आला असेल तर त्या दिवशी परत पाठवावे.

घराच्या छपराची काळजी करावी, ती केलीच पाहिजे. पण कौल फुटले तर बाजारात दुसरे मिळते. या आठवड्यात आपल्या घरची शिडी अंगणात आडवी टाकून एकदा तपासून घ्या, आणि ती धरायला कोण उभे राहणार हे ठरल्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय ठेवू नका.

(पुढील आठवड्यात : पावसाळ्यातील पिण्याचे पाणी आणि पोटाचे विकार)